कोणीही धरायचं नाही

१

सकाळी नऊला मी एक्स-रेची खोली उघडायचे. आधी एसी, मग मशीन, मग एक्स-रेच्या प्लेटची एकेक कॅसेट मऊ फडक्याने पुसून रॅकमध्ये लावायची. खोलीला खिडकी नव्हती. दाराला आतून शिशाचा पत्रा होता, त्यामुळे ते ढकलायला खांदा लावावा लागे. ते बंद झालं की बाहेरच्या रांगेतली बडबड एकदम तुटायची. मग एसीचा आवाज तेवढा उरायचा, आणि आत उभ्या असलेल्या माणसाचा श्वास.

२०१२चा जानेवारी होता. गोंदियातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मला नोकरीला लागून आठ महिने झाले होते. नागपूरचे एक सर्जन महिन्यातून दोनदा येऊन गुडघे बदलायचे. येणाऱ्या बहुतेक बायकाच. चाळीस-चाळीस वर्षं धानाच्या बांधीत, चिखलात वाकून रोपांची रोवणी केलेल्या. ऑपरेशनआधी त्यांचा उभ्याने एक्स-रे लागतो, कंबरेपासून घोट्यापर्यंत. पण ज्यांना उभंच राहवत नाही, त्या थरथरतात. थरथरल्या की फोटो हलतो. म्हणून गेली सव्वीस वर्षं आमचे सीनियर टेक्निशियन मुन्नालाल एकच वाक्य म्हणत आले होते, "पकड़ लो, भैया." मग मुलगा, सून, जावई, जो असेल तो आत येऊन म्हातारीचा पाय धरायचा, आणि फोटोत म्हातारीच्या हाडांशेजारी त्याच्या बोटांची हाडं यायची. मुन्नालाल स्वतःही धरायचे. त्यांच्या बोटांची कातडी कोरडी, फुटलेली, नखांवर उभ्या रेघा. मी त्यांना किरणांनी खराब झालेल्या हाताचा पुस्तकातला फोटो दाखवला तेव्हा ते हसले.

"मॅडमजी, ये खेती का हाथ है."

मला हसू आलं नाही. निरोगी माणसाला विनाकारण किरणं द्यायचा हक्क आपल्याला कोणी दिला? मी सुपरिंटेंडेंटशी भांडले, कागद आणला, स्केच पेनने लिहिलं आणि दारावर चिकटवला : एक्स-रे काढताना रुग्णाला कोणीही धरायचं नाही.

"लोग मानेंगे नहीं," मुन्नालाल म्हणाले.

"मानतील. समजावून सांगितलं की मानतात."

आणि खरंच मानलं. आधी शंभरात पंधरा फोटो हलायचे, पुन्हा काढावे लागायचे. नियमानंतर तीन आठवडे एकही नाही. मी रोज संध्याकाळी फळ्यावर शून्य काढायचे, चांगलं मोठं. मला वाटायचं, हे माझ्या समजावण्याचं यश.

मुन्नालाल एकदा त्या फळ्याकडे बराच वेळ बघत राहिले. "ये बूढ़ी औरतें दरवाज़े तक काँपते हुए आती हैं. अंदर जाके हिलती ही नहीं. आपने सोचा?"

"गर्दी नसली की भीती कमी होते."

"अकेले में भीती कम होती है?"

मला त्यांच्याशी वाद घालायला वेळ नव्हता.

माझी माय, तुलसा, मुर्रीला राहते. बाबा जाऊन चार वर्षं झाली. तिचे दोन्ही गुडघे आतल्या बाजूला वाकलेले. संडासला जाताना भिंत धरून जायची, आणि कोणी बघतंय असं वाटलं की भिंत सोडून उभी राहायची. दोन वर्षं मी तिच्या मागे लागले होते. "कापून लोखंड टाकतीन, मंग?" एवढंच म्हणायची. शेवटी डिसेंबरात हो म्हणाली. तिची एकच अट होती.

"तू राहशीन नं जवळ, सोनू?"

"माय, मी तिथंच असते."

तिची तारीख होती अकरा फेब्रुवारी.

२

शांतीबाई सडक अर्जुनीकडच्या. त्यांना मुलगा भोजराज घेऊन आला. हायवेवर त्याचा ढाबा होता आणि तोंड कधी बंद नसायचं. "मॅडम, माय एवढी हलते का आमी तिले ताक घुसळाले बसवतो," तो म्हणाला. शांतीबाईंनी त्याच्या पाठीत एक ठेवून दिली.

मी त्यांना प्लेटसमोर उभं केलं. पाय वाऱ्यातल्या पानासारखे लटलटत होते. त्यांनी माझं मनगट पकडलं.

"भोजराजले बोलाव नं बाई. धरन तो."

"नाही आजी. कोणी धरायचं नाही. दोन सेकंदांचं काम आहे."

"कोनीच नाही?"

"कोणीच नाही."

मी मनगट सोडवून घेतलं, दार लावलं आणि कोपऱ्यातल्या काचेमागे गेले. काचेतून त्यांचे ओठ हलताना दिसले. देवाचं नाव घेत असतील. मग पाय थांबले.

हळूहळू शांत झाले असते तर मला कळलंही नसतं. पण ते एकदम थांबले. हलणाऱ्या पाळण्याला कोणी हात लावावा तसे.

मी बटण दाबलं. मशीनची घरघर, मग टक.

कॅसेट रीडरमध्ये टाकली की मिनिटभराने फोटो स्क्रीनवर उतरतो. सुंदर फोटो होता. हाडाची प्रत्येक रेघ स्वच्छ. मी खालपर्यंत आले. डाव्या नडगीच्या कडेला, घोट्याच्या जरा वर, चार बोटांची टोकं होती.

मी तडक बाहेर गेले. "तू आत आला होतास?"

भोजराजच्या हातात चहाचा कप होता. "मी? तुमीच त दार लावलं. ते दार उघडाले दोन माणसं लागतेत."

खरं होतं. मी परत आत आले आणि स्वतःला कारण देऊन टाकलं. कॅसेटमधली प्लेट नीट पुसली गेली नाही तर जुन्या फोटोची पुसट छाया नव्यावर उमटते. पुस्तकात आहे. नियमाआधीच्या एखाद्या जावयाची बोटं असतील. पण छाया पुसट असते. ही बोटं नडगीइतकीच ठळक होती.

मी फोटोची कड काळी केली. स्क्रीनवर एक चौकट ओढली की नको तो भाग झाकला जातो, आम्ही रोजच करतो. झाकलेला फोटो रिपोर्टसाठी पाठवून दिला.

३

दुसऱ्या दिवशी मी पाण्याने भरलेली बादली प्लेटसमोर स्टुलावर ठेवली आणि पाच फोटो काढले, प्रत्येक कॅसेटवर एक. पाण्याची गोल पांढरी सावली, बादलीची कडी. बाकी काही नाही. प्लेटा स्वच्छ होत्या. मला बरं वाटायला हवं होतं. कॅसेटचा दोष नव्हता, म्हणजे दोष दुसरीकडे कुठेतरी होता.

रिपोर्ट लिहिणारे डॉ. कटरे संध्याकाळी यायचे. मी त्यांना न झाकलेला फोटो दाखवला.

"कोणी धरलंय," ते म्हणाले.

"कोणी नव्हतं सर."

"मग तू धरलंयस आणि विसरलीस. ट्रस्टींना सांगू नको, तुझाच नियम आहे." ते हसले आणि पुढच्या फोटोकडे वळले.

चार दिवसांनी कुडव्याच्या निर्मलाबाई आल्या. त्यांच्या वेळी मी ठरवलं होतं, बटणाकडे बघायचं नाही, त्यांच्याकडे बघायचं. एरवी फोटो काढताना माझी नजर आकड्यांवर असते. आठ महिन्यांत काचेपलीकडे त्या क्षणी काय होतं, हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

निर्मलाबाईंनी दवाखान्याचा हिरवा सैल झगा घातला होता, पोटऱ्यांपर्यंत. पाय थरथरत होते आणि त्याबरोबर झग्याचा काठ. त्या मोठ्याने म्हणाल्या, "धरा नं कोनी." काचेतूनही ऐकू आलं.

पाय थांबले.

काठ थांबला. आणि गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूने, झग्याचं कापड आत दबलं. चार ठिकाणी. पलीकडून पाचवं. वारा लागून कापड पायाला चिकटतं तसं नव्हतं ते. दाबलेलं होतं. मी बटण दाबलं, का ते मला आजही माहीत नाही, बहुतेक सवयीने. टक झालं. कापड सैल होऊन सरळ पडलं.

"झालं का?" निर्मलाबाईंनी विचारलं.

"झालं."

स्क्रीनवर आता चार पूर्ण बोटं होती, नडगीला वेढून. म्हाताऱ्या माणसाचा हात. सांधे झिजलेले, फुगीर. करंगळी एका पेराने कमी, टोकाला हाड गोल होऊन बुजलेलं. खूप जुनी जखम. आमच्याकडे धान कापताना विळ्याने अशी करंगळी गेलेली माणसं गावोगाव आहेत.

मी शांतीबाईंचा आधीचा फोटो उघडला आणि शेजारी लावला. तिथे टोकंच होती, पण चौथं टोक गोल होतं. बुजलेलं. तोच हात. फक्त वर सरकलेला.

मी दोन्हींच्या कडा काळ्या केल्या. हे लिहिताना लाज वाटते. अख्ख्या दवाखान्याला खरं बोलायला शिकवायला निघालेली मी, भीती वाटली तेव्हा काळी चौकट ओढून मोकळी झाले. दारावरचा कागद तेवढा फाडून टाकायला हवा होता. पण कागद फाडायचा तर कारण द्यावं लागलं असतं. कारण मोठ्याने म्हटलं असतं तर ते खरं झालं असतं. आणि मायने मोठ्या मुश्किलीने हो म्हटलं होतं. असलं काही तिच्या कानावर गेलं असतं, तर ती पुन्हा कधीच तयार झाली नसती.

त्या संध्याकाळी फळ्यावर शून्य मुन्नालालांनी काढलं.

४

शांतीबाईंचं ऑपरेशन चांगलं झालं. पहिल्या दिवशी सगळे उठतात, त्या उठल्या नाहीत. चौथ्या दिवशीही नाही. सर्जन फोनवर चिडले, पुन्हा फोटो काढा म्हणाले. नऊ फेब्रुवारीला दुपारी दोनच्या सुमारास मी चाकाचं मशीन घेऊन वॉर्डात गेले. मायला मी दुपारी तीनला यायला सांगितलं होतं. तिच्या फोटोच्या वेळी मी तिथे असणार होते.

भोजराज पलंगाशी बसला होता. आज तो काही बोलला नाही.

"आजी, पाय दुखतो का?"

"दुखत नाही बाई."

"मग उचलत का नाही?"

शांतीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. समजूतदार मुलाला सांगावं तसं म्हणाल्या, "धरून हाय नं. जोर नाही लावत तो. नुसता धरून हाय."

"कोण?"

"मले काय माहीत? तू म्हटलं कोनीच नाही धरनार. मी थरथरून राहिली होती. मंग म्हटलं, इथं जो कोनी असन त्यानं धरा. त धरलं."

भोजराज खाली बघत म्हणाला, "माय असंच बोलून राहिली चार दिवसांची. गोळ्यानं होते का मॅडम असं?"

"होतं कधी कधी," मी म्हटलं. वॉर्डात भरपूर ऊन होतं. खिडकीत कोणीतरी पपई कापत होतं. मी कॅसेट पायाखाली सरकवली, सगळ्यांना दूर केलं, बटण दाबलं आणि कॅसेट छातीशी धरून जिन्याने खाली आले.

खोलीबाहेरच्या बाकावर माय बसली होती. तिच्यासोबत शेजारच्या सुशिलाबाई.

"ऑटो लवकर भेटला," माय म्हणाली. तिने नवं लुगडं नेसलं होतं. चेहरा खुललेला. "तुया मुन्नालालनं काढला पन फोटो. चांगला मानूस हाय. मले म्हने, मॅडमचा कडक नियम हाय, मी धरू नाही शकत."

मी तशीच आत गेले. खांद्याने दार लावलं.

मुन्नालाल स्क्रीनसमोर उभे होते, दोन्ही हात मागे घेतलेले. मी आधी माझ्या हातातली कॅसेट रीडरमध्ये टाकली. त्यांच्या समोरचं बघायचं नव्हतं म्हणून. शांतीबाईंचा गुडघा उतरला. नव्या सांध्याचा धातू फोटोत पांढराशुभ्र येतो, दुधासारखा. किरणं त्यातून जात नाहीत, त्यामुळे त्याच्या पुढे किंवा मागे काहीही असलं तरी दिसत नाही. दिसूच शकत नाही. त्या पांढऱ्यावर चार बोटं होती. प्रत्येक पेर, प्रत्येक सांधा, धातूवर राखाडी रेघांनी काढल्यासारखा. करंगळी आखूड.

"मॅडमजी," मुन्नालाल म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "मैंने आपका रूल तोड़ा नहीं. माँ जी काँप रही थीं. मैं काँच के पीछे था. कसम से."

मग मी मायचा फोटो पाहिला.

टोकं नव्हती, नुसती बोटंही नव्हती. पूर्ण हात होता. पंजा मायच्या उजव्या गुडघ्यावर आणि अंगठा आतल्या बाजूने वळून मागे गेलेला. पोर चालायला शिकतं तेव्हा त्याचा गुडघा आपण असा धरतो. मनगटाच्या दोन हाडांपर्यंत दिसत होतं. तिथे फोटोची कड आली होती.

५

"परवा ऑपरेशन आहे," मी म्हटलं.

"पता है."

"हा फोटो सर्जनला दाखवला तर ते काय म्हणतील?"

"बोलेंगे, किसी ने पकड़ा है. दुबारा निकालो."

"आणि झाकून दाखवला तर?"

त्याचं उत्तर वर वॉर्डात शांतीबाईंच्या पलंगावर झोपलं होतं.

मी सगळी कारणं पुन्हा एकदा काढून पाहिली, परीक्षेआधी पानं चाळावीत तशी. प्लेट, छाया, व्होल्टेज, माझी झोप, औषधांचा परिणाम, मुन्नालालांची थट्टा. एकेक करून सगळी संपली. त्या खोलीत बसून मला पहिल्यांदा तिचा आकार जाणवला. बारा बाय पंधरा फूट. मशीन, टेबल, प्लेटचा स्टँड, काच. लपायला जागा नव्हती. म्हणजे लपलेलं कोणी नव्हतं. जे होतं ते उघड्यावर होतं आणि आम्ही त्याच्यात ये-जा करत होतो.

"इतने साल कभी नहीं हुआ," मुन्नालाल म्हणाले. "इतने साल किसी को अकेला छोड़ा भी नहीं."

ते उठले आणि दारावरचा कागद फाडायला गेले. तो नीट चिकटवलेला होता. तुकड्या-तुकड्यांनी निघाला.

मायचं ऑपरेशन रद्द करायचा विचार मी केला. खरंच केला. बाहेर जाऊन बाकावर तिच्या शेजारी बसले. तिने पिशवीतून मला लाडू काढून दिला.

"सुशिला विचारून राहिली, मोवाची फुलं वेचाले जाता येईन का एप्रिलात," ती म्हणाली. "मी म्हटलं, पोरगी म्हनते धावशीन."

"माय, फोटो काढताना तुला कसं वाटलं?"

"उभी नव्हती राहवत. मंग मी म्हटलं, सोनू असती त धरलं असतं. तेवढ्यात कोनीतरी धरल्यावानी वाटलं. मले वाटलं तूच आली." ती हसली. "अजून वाटते."

"काय अजून वाटतं?"

"धरल्यावानी." तिने उजव्या गुडघ्यावर हात फिरवला. "उठाले जाते त जड लागते थोडा. बसून बसून असन."

मी लाडू पिशवीत परत ठेवला.

"फोटो हलला माय. परत काढावा लागेल. या वेळी मी धरते."

"तुया नियमाचं काय?"

"नियम चुकला होता."

"बाप्पा," माय सुशिलाबाईंना म्हणाली, "आज पह्यल्यांदा कबूल झाली हे पोरगी."

६

मुन्नालाल काचेमागे गेले. मी शिशाचा एप्रन घातला, पण हातमोजे घातले नाहीत. मोजे घातले असते तर फोटोत माझी बोटं दिसली नसती, आणि मला बोटं मोजायची होती. मी मायच्या पुढ्यात गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी तिचा उजवा गुडघा धरला. झग्यातून तिची ऊब लागत होती. ती थरथरत नव्हती. अजिबात नाही. तिचा पाय आधीच कोणीतरी धरलेला होता, आणि माझे तळवे तिच्या गुडघ्यावर नीट टेकत नव्हते. मध्ये काही तरी होतं, भाताच्या पेंढीवर हात ठेवावा तसं. कडक आणि कोरडं.

मी हात काढला नाही. एवढंच एक मी त्या दोन महिन्यांत धड केलं.

दार बंद झालं. बाहेरची बडबड तुटली. एसी. मायचा श्वास. माझा श्वास. मग तिसरा, माझ्या डाव्या खांद्याशी, सावकाश, म्हाताऱ्या माणसाचा, काम करून दमलेल्याचा. मी मान वळवली नाही. वळवली असती तर दिसलं असतं, आणि दिसलं असतं तर मी मायला सोडून पळाले असते, हे मला स्वतःबद्दल पक्कं माहीत होतं.

"हिला सोड," मी हळू म्हणाले. "हिचे पाय तिला हवेत. मी सांगितलं होतं कोणी धरायचं नाही. तिने नाही. मला धर."

"कोनाशी बोलून राहिली?" मायने वरून विचारलं.

"हलू नको माय."

माझे तळवे तिच्या गुडघ्यावर टेकले. सगळेच्या सगळे, बोटांच्या मुळापर्यंत. आणि त्याच क्षणी मायचा पाय थरथरू लागला. किती जोरात थरथरला. मी तो घट्ट धरून ठेवला.

मग माझं डावं मनगट धरलं गेलं. झटका बसला नाही, ओढही लागली नाही. रस्ता ओलांडताना आपला हात कोणी धरतं ना, तितकं साधं. तेच सगळ्यात भयंकर होतं.

घरघर. टक.

मुन्नालालांनी फोटो उतरू दिला. मी मायला बाकावर बसवून आले तेव्हा ते स्क्रीनला पाठ करून उभे होते. मायचा गुडघा स्वच्छ होता. झिजलेला, वाकडा, पण फक्त तिचा. त्याला वेढून माझी दहा बोटं. आणि कडेला, माझ्या डाव्या मनगटावर, आणखी पाच. चार मोठी, एक आखूड. त्या हाताच्या मागे मनगट, मग कोपराकडे जाणारी दोन हाडं. या वेळी फोटोची कड दूर होती, आणि त्या हाडांच्या पुढे, वर, जिथे माझा खांदा यायला हवा होता तिथे —

मुन्नालालांनी हात मागे करून, न बघता, काळी चौकट ओढली.

"माँ जी का घुटना क्लियर है," ते म्हणाले. "बस वही भेजेंगे."

बाहेरून मायने विचारलं, "साफ आला का वं?"

"साफ आला माय."

७

माय तिसऱ्या दिवशी चालली. सर्जननी वॉर्डातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली. त्याआधीच, त्या फोटोच्या दुसऱ्या दिवशी, शांतीबाई उठून स्वतः पाणी प्यायला गेल्या होत्या. भोजराज मिठाई घेऊन आला. त्याचं तोंड पुन्हा सुरू झालं होतं. "माय म्हनते सोडलं त्यानं. म्हटलं, मंग आता कोनाले धरलं असन? म्हनते, असन कोनी भला मानूस." तो मोठ्याने हसला. निर्मलाबाईंचं ऑपरेशन मार्चमध्ये झालं. त्याही चालतात.

खोलीच्या दारावर आता दुसरा कागद आहे : नातेवाइकाने आत थांबावे, एप्रन व मोजे घालावेत. तो मुन्नालालांनी लिहिला. फळ्यावर आता शून्य नसतं. शंभरात दहा-बारा फोटो हलतात. ते मोजताना मला जिवात जीव आल्यासारखं होतं.

माझा डावा हात कमरेच्या वर जात नाही. दुखत नाही. ताकद आहे, मूठ वळते, सुई टोचली की कळतं. नसांच्या सगळ्या तपासण्या झाल्या, सगळ्या नॉर्मल. डॉ. कटरेंनी मनगटाचा एक्स-रे लिहून दिला. तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मुन्नालाल त्याबद्दल विचारत नाहीत. कॅसेट मात्र आता तेच उचलतात. स्कूटी विकली, ऑटोने येते. ऑटोत मी डाव्या हाताची जागा रिकामी सोडून बसते, का ते ठरवून नाही.

एप्रिलात माय खरंच मोहाची फुलं वेचायला गेली. परवा तिला तपासणीला आणलं होतं. दवाखान्यासमोरचा रस्ता ओलांडायचा होता. ट्रक येत होते, दुपारचं कडक ऊन होतं. ती माझ्या डाव्या बाजूला होती. नेहमीच्या सवयीने तिने माझा डावा हात धरायला हात पुढे केला.

तो मध्येच थांबला. तिने माझ्या मनगटाकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. मी पण पाहिलं.

तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, जशी वडीलधाऱ्या माणसापुढे ओढते. मग दोन्ही नव्या गुडघ्यांवर, हळूच, जरा लांबून वळसा घालून, ती माझ्या उजव्या बाजूला आली.